उशाचा अडकित्ता

बीदरच्या विमानतळावर तपासणी उरकून सासू-सून माझ्या मागं येऊन बसल्या. सुनेच्या मांडीवर तान्हं लेकरू होतं.

“दुपट्यातला अडकित्ता काढून घेतला की गं त्यांनी.”

“इमानात न्हाई चालत, अत्त्या.”

“काळजाचं आपरेशन करायला न्यायलाव, अन् उशाला लोखंड न्हाई. बाहेरचं वारं लागंल की. थोरल्याच्या येळी बी तू ठिवला न्हवतास. गेलं लेकरू.”

“ठिवला होता.”

“काय?”

“गेलं तवा बी उशालाच होता, अत्त्या. तुमी कधी इचारलंच न्हाई.”

विमानाची घोषणा झाली. लोक उठून रांगेत उभे राहिले. त्या दोघी बसूनच होत्या.

“मंजुश्री.”

“व्हय.”

“दे लेकराला इकडं. कवाधरनं घेऊन बसलीस, हात अवघडलं आसतील तुझं.”