ताई, यंदा ओवाळायला येऊ नकोस

हॅलो?… हॅलो?… हो, नाशिकच. वकीलसाहेबांची कचेरी… साहेब दिवाळीला गावी गेले आहेत. मी त्यांचा कारकून, रंगनाथ… मुंबईहून ट्रंक कॉल? माझ्याचसाठी?… हो, जोडा. जोडा…

कोण?… ताई! अगं सिंधुताई, तू?… नाही, घाबरलो नाही… म्हणजे घाबरलोच. मुंबईहून फोन म्हटल्यावर माणसाच्या मनात पहिल्यानं वाईटच येतं. भावजी बरे आहेत ना?… आणि मुलं?… मग ठीक… भावजींच्या शेटजींच्या घरून बोलतेस? पाडव्याच्या दिवशी त्यांनी फोन करू दिला, मोठ्या मनाचा माणूस आहे… हो, ऐकू येतं. एखाद्या खोल विहिरीच्या तळातून बोलावंस तसा तुझा आवाज येतो, पण येतो… हसू नकोस… बरं, पुस्तकातलं बोलत नाही. तू बोल.

उद्याच?… सकाळच्या गाडीनं?… अं?… आनंद झाला नाही असं कोण म्हणालं? झाला ना… नाही गं, गप्प कुठे आहे… अगं ऐक ना. ऐक. मी आज तुला तारच करणार होतो. शब्द जुळवत बसलो होतो, आणि तेवढ्यात तुझाच फोन आला…

ताई, तू उद्या येऊ नकोस.

…नाही, आई बरी आहे. सकाळपासून चकल्या तळते आहे. कुणाशी भांडण नाही, दुखणं नाही… भाऊबीज आहे हे मला ठाऊक आहे, ताई. भाऊबीज आहे म्हणूनच सांगतो आहे… तसं नाही. तू माहेरी यावंस असं मला वाटत नाही, हे तू तोंडानं तरी कसं म्हणतेस?… यादवबद्दल आहे. आपल्या यादवबद्दल.

त्यानं तुला काय लिहिलं होतं?… देवळालीला मोटारीवर नोकरी लागली. हं… नाही, खोटं नाही ते. अर्धं आहे. मोटार लष्कराची आहे, ताई. तो भरती होतो आहे.

…हॅलो?… ताई?… आहेस ना?…

…हो, लढाईवरच… बंदूक धरायची नाही म्हणतो, लष्कराच्या मालमोटारी हाकायच्या. डॉक्टरनं तपासून पास केलं. परवा सकाळी छावणीत हजर व्हायचं, तिथं सही, शपथ, थोडी कवायत, मग मुंबईची गोदी आणि बोट… कुठे ते सांगत नाहीत. त्याला ते ठाऊक नाही, आणि विचारावंसंही वाटत नाही… नाही, अजून सही झालेली नाही. परवा तो गेला नाही, तर दुसऱ्या कुणाला घेतील, संपलं. म्हणून तर… ओरडू नकोस. रागव, पण ओरडू नकोस, परक्या घरात आहेस… आईला देवळालीपर्यंतच माहीत आहे. पुढचं मी सांगतो म्हणालो होतो… नाही सांगितलं. तिनं सगळ्या आळीत करंज्या वाटल्या, धाकट्याला सरकारी नोकरी लागली म्हणून. त्या करंज्यांच्या ताटापुढे उभं राहून मी काय सांगणार होतो?

…तो काय म्हणतो? त्याचं तुला माहीत आहेच. म्हणतो, दादा, नाशिक-त्र्यंबक, त्र्यंबक-नाशिक करून मोटारीच्या चाकांनासुद्धा रस्ता पाठ झाला. आता जरा जग बघू दे. म्हटलं, अरे लढाई आहे ती. तर म्हणतो, इथं यात्रेकरू भरतो, तिथं गोरे भरीन, मोटारीला काय कळतं?… हो, मलाही हसू आलं होतं. त्याच्यावर रागावायला बसलं की हसू येतं, हीच तर पंचाईत.

म्हणून तू येऊ नकोस… संबंध कसा नाही? तो म्हणतो, ताईनं ओवाळलं की निघतो. त्याआधी पाऊल बाहेर टाकणार नाही. कुणाचं ऐकत नाही, पण एवढं एक मानतो… कुसाआत्यामुळेच की. मी तेव्हा पाळण्यात होतो, मला हे तूच सांगितलंस. पुंजारामकाका मागच्या लढाईत बसऱ्याला निघाला, आणि आत्या सिन्नरहून बैलगाडीनं तबक घेऊन पोचली तेव्हा तो पहाटेच निघून गेला होता… हो, ओसरीवर तबक हातातच धरून बसून राहिली होती. तो परत आलाच नाही, आणि आजीनं घराला नेम घातला, बहिणीनं ओवाळल्याशिवाय या घरातल्या पुरुषानं लांबच्या वाटेला लागायचं नाही. मी पुण्याला परीक्षेला निघालो तेव्हा तू अंगात ताप असताना उठली होतीस. आठवतं?… आत्या अजून दर भाऊबीजेला आधी अंगणात जाऊन चंद्राच्या कोरीला ओवाळते. लहानपणी मला त्याचं कौतुक वाटायचं. या वर्षी ते पुन्हा आठवलं, ताई. चंद्राला ओवाळणारी ती बाई मला आत्यासारखी दिसेनाच. तुझ्यासारखी दिसायला लागली.

…रडू नकोस. हे मी बोलायला नको होतं…

तर माझा विचार असा. तू आली नाहीस तर तो परवा निघणार नाही. तू कळव, मूल आजारी आहे… हो, अभद्र आहे, मला कळतं. मग भावजींना रजा नाही म्हण. काहीही म्हण. फक्त परवाचा दिवस टळू दे—

कोण?… एक्स्चेंज? हो, बोलणं चालू आहे… ताई, वेळ संपली म्हणतात, पुढे चालू ठेवायचं का विचारतात. हो म्हण… म्हणालीस? शेटजी काही बोलतील का?… बरं.

…मी? मी सरळ का सांगत नाही? काय सांगू? कुठल्या तोंडानं? तो विचारील, दादा, लढाई वाईट आहे का? आणि मला उत्तर येत नाही… ऐक ना. सप्टेंबरात एका सकाळी वर्तमानपत्रात वाचलं, की आपला देश युद्धात उतरला. ते वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. उतरला म्हणजे कोण उतरलं? आदल्या रात्री आईनं पिठलं केलं होतं, आम्ही जेवून झोपलो होतो. सकाळी उठून पाहतो तो आम्ही युद्धात. व्हाइसरॉयसाहेबांनी कुणाला विचारलं नाही. मला तर कुणी विचारणारच नव्हतं, पण ज्यांना विचारायला हवं होतं त्यांनाही नाही. आता मंत्र्यांनी राजीनामे दिले… हो, तिकडेही तेच बोलत असतील. पण त्यानं देवळालीची भरती थांबली का?

आणि दुसरीकडे, पोलंडमधल्या माणसांचं वाचतो. शहरं जळताहेत, बायकामुलं रस्त्यांवरून चालताहेत, वरून विमानं. ते वाचलं की वाटतं, कुणीतरी तर आडवं जायलाच हवं. मग लगेच वाटतं, ते कुणीतरी म्हणजे आपला यादव का? आणि दुसऱ्याच क्षणी वाटतं, यादव का नको? दुसऱ्या आईचा चालतो का? या दोन वाक्यांच्या मध्ये मी कितीतरी दिवस येरझारा घालतो आहे, ताई. मला हे युद्ध पटत नाही, की मला नुसती भीती वाटते आणि त्या भीतीला मी विचारांचा सदरा चढवतो आहे, हे माझं मलाच समजत नाही.

…काय?… काय विचारलंस?… यादव जाणार नसता तर?

…

…खरं सांगू?… नाही. तर मला एवढं वाटलं नसतं. सप्टेंबरात मी साहेबांच्या भिंतीवरच्या नकाशावर टाचण्या लावत होतो. जर्मनी इथवर आली, तिथवर आली. अशिलं कौतुकानं बघायची. मला त्याची एक प्रकारची गोडीसुद्धा वाटत होती… हो. लाजच वाटते आता.

मग हबीब गेला. यादवच्या मोटारीवरचा क्लीनर गं, लहानसा, कुरळ्या केसांचा… हो, तोच, तुझी ट्रंक टपावर चढवायचा. पहिल्या तुकडीत गेला. त्याची आई खातूनबी भद्रकालीहून इथं येते. कचेरीत शिरत नाही, पायरीवरूनच विचारते, “बेटा, लढाई कुठवर आली?” एकदा आत बोलावून नकाशा दाखवला. “माझा हबीब यात कुठे?” म्हणाली. मला ठाऊक नव्हतं. मी समुद्रावर कुठेतरी बोट ठेवलं. तिनं काय करावं? आपला पंजा उघडला आणि त्या निळ्या भागावर पालथा ठेवला. जमेल तेवढा समुद्र तिनं झाकला. आणि तशीच उभी राहिली… त्या दिवशी मी सगळ्या टाचण्या काढल्या.

तेव्हापासून भीती आहे ती अशी आहे, ताई. देवळालीहून तोफांच्या सरावाचे आवाज आपण जन्मापासून ऐकतो. आई त्या आवाजावर वेळ ओळखायची, एवढा तो घरचा झाला होता. आता एकेक आवाज आला की माझा हात लिहिता लिहिता थांबतो. साहेब विचारतात, काय झालं? मी म्हणतो, टाकाची निब वाकली.

…म्हणून म्हणतो, येऊ नकोस. तुझ्या न येण्यानं तो वाचेल.

…अं?… तू आली नाहीस आणि तरी तो गेला तर?

…नाही. जाणार नाही. नेम मोडायचा नाही तो… नाही, पण तो… थांब. थांब जरा…

…दुसऱ्या तुकडीत त्याचे मित्र आहेत. ते हसतील त्याला, बहिणीसाठी थांबलास म्हणून… तो चिडून निघेल. हो. तो तसाच आहे. निघेल आणि… आणि मग न ओवाळता गेलेला होईल. तुझ्यामुळे. माझ्यामुळे… ताई, हे माझ्या मनात आलंच नव्हतं. इतके दिवस विचार केला आणि हे एवढं… नाही, मला शहाणा म्हणू नकोस, या घडीला तरी नको.

…काय म्हणतेस?… मोठ्यानं बोल, खरखर येते… सरकारसाठी नव्हे. त्याच्या आयुष्यासाठी ओवाळतेस… हो. हो, कळलं… माझ्यासाठीसुद्धा. मी विसरलोच होतो, मीही तुझा भाऊच आहे… तुला भिंत करून मी मागे लपत होतो, असं म्हणतेस?… म्हण. खरंच आहे ते.

ये तर. सकाळचीच गाडी धर. मी नाशिकरोडला टांगा घेऊन येतो… नाही, विसरणार नाही. मुलांना स्वेटर घाल, इथं गारठा पडतो आहे…

…मी सांगायचं? आजच? तू यायच्या आत?… ताई, मला जमत नाही. परवा गेलो होतो ना त्याला घेऊन रामकुंडावर, हेच सांगायला. बायका पाण्यात दिवे सोडत होत्या. आम्ही पायरीवर बसलो. तो म्हणाला, “बोल दादा, काहीतरी बोलायचं होतं ना?” आणि मी म्हटलं, यंदा पाणी चांगलं आहे नाही कुंडाला… हस. तोही हसला. म्हणाला, “एवढ्यासाठी चपला झिजवल्या?” आणि मी घरी आलो.

…कारण काय देऊ? “भीती वाटते” हे कारण झालं का?… मोठ्या भावाचं? वकिलाच्या कारकुनाचं?… तो नाही म्हणाला तर?… तरी सांगायचं… आणि आईलाही. हो, आईलाही तूच सांगशील का—… नाही, नाही, मी. मीच सांगतो.

…हो, एक्स्चेंज, झालंच, झालंच… ताई, ऐक, थांब जरा. दारात कुणी… यादव आला आहे… आत्ताच. भाजी मार्केटची पिशवी घेऊन उभा आहे… नाही, काही ऐकलं नसावं… देऊ त्याला फोन? तू मोठी आहेस, तूच दोन शब्द… नको?… ताई, निदान तू फोनवर असताना… ताई?… हॅलो?… हॅलो, एक्स्चेंज?…

…काही नाही, यादव. सिंधुताई होती… हो, येते आहे. उद्या दुपारपर्यंत… हो, ओवाळायला… लाइन तुटली… नाही, पुन्हा नाही लागणार… आईला पिशवी मग नेऊन दे. आत ये… चेहरा असा का म्हणजे?… अरे, साहेब कुठे आहेत? बस त्या खुर्चीवर, बस… यादव, परवा तू जाऊ नयेस असं मला वाटतं…

…ऐकलंस ते बरोबर ऐकलंस… का?… थांब. हा फोन अजून माझ्या हातातच आहे. खाली ठेवतो, मग सांगतो.