धुण्याचा दगड

(१९४६. नगर जिल्ह्यातल्या बेलापूरजवळच्या एका खेड्यातला मिशन बंगला. सकाळी व्हरांड्यात तिघं : गावोगाव शास्त्र वाचून दाखवणाऱ्या बायबलबाई भागूबाई, पाळक शांतवन आणि दीड वर्षापूर्वी अमेरिकेहून आलेले, चोविशीतले धाकटे साहेब.)

भागूबाई : खुर्ची नको, पाळकसाहेब. उभ्यानंच इचारते. साहेबांनी काढलेल्या त्या मुक्या शिनेमात दगडापुढं डोकं टेकवनारी बाई मी हाय का न्हाई?

पाळक : आहात. पण ते नाटक होतं, भागूबाई.

भागूबाई : मला काय सांगता? संगमनेरच्या व्याह्यांना सांगा. नगरच्या मेळ्यात त्यांनी शिनेमा बघितला अन् काल निरोप धाडला. दगडापुढं वाकनाऱ्या घरची पोर आमाला नको. माझ्या करुणाचं लगीन पंधरा दिसांवर आलंय. पोरगी कालपासून जेवली न्हाई.

साहेब : मला अतिशय दुःख होते. परंतु चित्रपटाच्या शेवटी मी आपला बाप्तिस्मा करतो! ते त्यांनी पाहिले नाही काय?

भागूबाई : बघितला की! त्येच तर दुखनं हाय. गेल्या वर्षी बाप्तिस्मा झालेली बाई तीन पिढ्यांची ख्रिस्ती म्हनवती, आमाला फसिवलं, म्हनत्यात. साहेब, माझ्या आजानं मोठ्या दुष्काळाच्या आधी बाप्तिस्मा घेतला. मिशनच्या ज्वारीसाठी न्हाई घेतला.

पाळक : साहेबांनी आधी हिंदू बाईच शोधली होती. मी स्वतः सहादेव पाटलांकडे गेलो होतो.

भागूबाई : अन् पाटील काय म्हनला, तेबी सांगा.

पाळक : म्हणाले, 'पाया पडायला आमची सून चांगुणा रोज पडते, खुशाल बघा. पण पुढचं ते पाण्याचं जमायचं न्हाई.'

साहेब : म्हणून मी आपणास विनंती केली. आपण सर्वांत विश्वासू आहात.

भागूबाई : व्हय, विश्वासू म्हनून मूर्तिपूजक केलं. बरं, देव तरी खरा हुता का? बंगल्यामागचा धुण्याचा दगड! त्याला शेंदूर तुमीच फासला. तवापासून त्याच्यावर धुणं आपटाया कुनी धजत न्हाई. परवा चांगुणा नारळ फोडून गेली.

साहेब : नारळ? माझ्या दगडापुढे?

भागूबाई : नवसाचा. दीड वर्सात गावाला तुमी एक देव मातुर दिला.

पाळक : भागूबाई, जरा बेतानं. साहेब पाहुणे आहेत.

भागूबाई : माझं मागनं एवढंच हाय. चिठ्ठी लिहा. ही बाई जन्माची ख्रिस्ती, शिनेमातलं समदं सोंग. खाली सही करा.

पाळक : अशी चिठ्ठी चार हातांत फिरली तर? पुढच्या गुरुवारी सिनेमा मुंबईहून बोटीनं अमेरिकेला निघतोय. तिकडच्या ख्रिस्ती मंडळ्या तो बघून देणग्या देतील, तेव्हा दवाखाना उभा राहील. आपल्याच गावात, भागूबाई.

भागूबाई : मग दगडाचा तेवढा तुकडा कापून टाका.

साहेब : तो कापला तर अंधार उरत नाही.

भागूबाई : बरंच की!

साहेब : मग मी कोणाला प्रकाशात आणले?

भागूबाई : आता त्येबी मीच सांगू? वीस वर्सं मी शास्त्र वाचतीया, अन् शिनेमात तुमी माझं बोट धरून अक्षर गिरवून घेता. खरं कुनी कुनाला शिकवलं?

साहेब : आपण मला. याच व्हरांड्यात. प्रभूची प्रार्थना मी आपल्याकडून शिकलो.

भागूबाई : तुमची जीभ वळत नव्हती. मी म्हनायची, कानाला सापडंना तर माझ्या ओठांकडं बघा.

पाळक : मी एक सुचवतो. व्याह्यांना मी कळवतो, की भागूबाईंनी पश्चात्ताप केला आहे.

भागूबाई : कशाचा?

पाळक : म्हणजे... दगडाचा.

भागूबाई : वा! सोंग द्यायचं तुमी अन् पस्तावा करायचा म्या! माझ्या लेकीचं लगीन मोडतंय, पाळकसाहेब. मला लाज वाटती, रागबी येतो. मी व्हय म्हनलेच कशाला?

साहेब : भागूबाई, एक विचारू? दगडापुढे आपले ओठ हलत होते. मी चेहरा जवळून घेतला. खाली इंग्रजीत लिहिले आहे, ती आपल्या बहिऱ्या देवाला मंत्र म्हणते. तो कोणता मंत्र?

भागूबाई : मला कुठला आलाय मंत्र? डोकं टेकवलं अन् जीव घाबरा झाला. मग प्रभूची प्रार्थनाच धरली. अपराधाच्या क्षमेपातुर आले, तवर तुमी मशीन बंद केलं.

पाळक : काय सांगता! आणि ते ओठ सिनेमात दिसतात?

भागूबाई : दिसत्यात. मी नगरला बघितले न्हाईत व्हय! चिठ्ठी न्हाई तर न्हाई. व्याह्यांना बोलवा. पुन्यांदा शिनेमा लावा. पडद्याशेजारी उभी राहून मी म्हनते, त्यांनी ओठ ताडून बघावेत. रोज तीच प्रार्थना म्हनत्यात, वळखतील.

पाळक : हे झकास! चिठ्ठी नको, सही नको. या रविवारी उपासना झाली, की चर्चच्या खिडक्या झाकून सिनेमा लावू. गुरुवारी सिनेमा बोटीवर. ओठ मराठीत हलतायत की कशात, अमेरिकेत कुणाला कळणार?

साहेब : मला कळेल.

भागूबाई : कळंलच. तुमाला म्याच शिकवलंय.