मिटल्या डोळ्यांचा घास

टाळ जरा थांबवा. मृदंगबुवा, हात खाली घ्या. मंडळी, आधी एक सवाल, मग गोष्ट.

घरात जिवाभावाचं माणूस अंथरुणाला खिळलंय. त्याचं एक व्रत आहे. आणि तुम्हाला वाटतंय, हे व्रत मोडलं तर माणूस उठेल, नाही मोडलं तर जाईल. मग त्याला न सांगता, गुपचूप मोडाल? हात वर करू नका! खरं बोलायची वेळ आली की आपले हात उपरण्यात जातात, मला ठाऊक आहे. नुसतं ऐका.

डोंगराच्या अंगाला एक गाव. नाव घेत नाही, तुमचेच पाव्हणे निघायचे तिथं. त्या गावात हैबती नावाचा गडी. जत्रेचा रस्सा करावा तर हैबतीनंच, असं पंचक्रोशी म्हणायची. दहा-दहा बकऱ्यांचं मटण एकटा उतरवायचा. हातात पळी, तळहातावर थेंब, जिभेवर चव — झालं! मीठ कधी चुकलं नाही.

आणि बायको? गजराबाई — गळ्यात तुळशीची माळ! एकोणीस वर्षं माळकरी. म्हणजे मटण-मासळीचं नाव नाही, आणि तसल्या भांड्याचा स्पर्शसुद्धा नाही. पण तिनं नवऱ्याला कधी अडवलं नाही हो. तिची चूल घरात, तिची भांडी वेगळ्या फळीवर. त्याची चूल मागं परड्यात, तीन दगडांची. एका घरात दोन चुली, आणि भांडण एकही नाही. आपल्याकडं चूल एकच असते, पण भांडणं किती?

तर काय झालं, गजराबाईला मुदतीचा ताप भरला. तीन आठवड्यांनी उतरला, पण बाईचा नुसता सापळा उरला. पाण्याचा तांब्या उचलेना. डॉक्टरांनी हैबतीला बाजूला घेऊन सांगितलं, ताप गेला, आता पोटात अन्न गेलं पाहिजे. नाहीतर अवघड आहे.

अन्न करणार कोण? हैबती! हजार माणसांना जेवू घालणारा गडी, पण एका माणसापुरतं वरण जन्मात केलेलं नाही. त्याला वाटलं, डाळ काय नि मटण काय, मसाल्यानं चव येते. घातली लाल चटणी, घातलं वाटण. बाईनं एक घास घेतला नि ठसका लागून अर्धी झाली. दुसऱ्या दिवशी घाबरून मीठच घातलं नाही. तिसऱ्या दिवशी करपलं. हसताय? हसा. पण त्या घरात कुणी हसत नव्हतं. तीन दिवस ताट जसंच्या तसं परत येत होतं, आणि गजराबाईचे डोळे खोल चालले होते.

चौथ्या दिवशी हैबतीची थोरली बहीण आली, कोंडाक्का. भावजयीला बघितलं आणि भावाला परड्यात ओढून नेलं.

"आरं, माळ बघत बसलास तर बाई हातची जाईल. अळणी घाल पोटात."

अळणी कळलं ना मंडळी? हळद-मीठ घालून मटण शिजवलेलं नुसतं पाणी. आपल्याकडं आजाऱ्याला देतात. हैबती म्हणाला, ती घ्यायची नाही. कोंडाक्का म्हणाली, सांगतंय कोण तिला? डाळीत मिसळ. पाप लागलं तर माझ्या माथी. बहिणीची मायाच होती ती, वैर नव्हतं.

हैबतीनं तीन दगडांवर अळणी उकळलं. आत आला. वेगळ्या फळीवरचं, एकोणीस वर्षं जपलेलं पितळी पातेलं काढलं. त्यात डाळ, डाळीत ते पाणी. वर लसणाची दणकून फोडणी, वास झाकायला. आणि ताट घेऊन गेला आत.

गजराबाईनं वास घेतला. किती दिवसांनी चेहऱ्यावर जरा जीव आला. म्हणाली, "आज भूक लागल्यागत झालंय बघा."

आली का पंचाईत? दारामागं कोंडाक्का उभी, खुणावतेय, भरव, भरव! गजराबाईची रीत अशी, की देवाला दाखवल्याशिवाय घास घ्यायचा नाही. हात उचलेना, म्हणून नवऱ्याला म्हणाली, तुम्हीच नैवेद्य दाखवा. हैबतीनं कोनाड्यातल्या विठोबापुढं ताट धरलं. ताटाभोवती पाणी फिरवलं. कपाळाला घाम! पण दाखवला हो नैवेद्य. देवाला फसवायला आपल्याला कितीसा वेळ लागतो? देव काही बोलत नाही.

मग घास कालवला. पुढं केला. आणि गजराबाईनं डोळे मिटले. तोंड उघडलं.

मंडळी, त्या बाईनं विचारलं नाही, कशात शिजवलं, काय घातलं. लहान लेकरासारखं तोंड उघडलं. घास ओठांपासून चार बोटांवर. कोंडाक्का श्वास धरून उभी. आणि हैबतीचा हात पुढं जाईना! कापायला लागला. डाळ पडली गोधडीवर. त्यानं घास परत ताटात टाकला आणि खाली मान घालून सगळं सांगितलं. अळणी सांगितलं, पातेलं सांगितलं, नैवेद्यसुद्धा सांगितला.

मग गजराबाई म्हणाली, "मला कळलं नसतं ओ. पण तुम्हाला जलमभर माझ्या तोंडाकडं बघायचं होतं."

हैबती रडला. हो, गडी रडला. आणि ती म्हणाली, "रडू नगा. भूक लागलीय. दुसरं पातेलं घ्या, मी सांगते तसं करा."

तिनं अंथरुणातनं सांगायचं, यानं चुलीपुढं करायचं. मूठभर मूगडाळ, मूठभर तांदूळ, तीनदा धुवा. चिमूटभर हळद. चटणीला हात लावू नका! आधण आलं का? जाळ मागं ओढा. हैबतीनं सवयीनं पळीतला थेंब तळहातावर घेतला, तशी ती ओरडली, "जीभ लावू नगा! देवाच्या आधी चाखायचं नसतं."

आता बोला! जिभेवर उभा राहिलेला गडी, त्याला न चाखता रांधायचंय. आणि बायकोचा जीव त्या मिठावर! तीन बोटांत मीठ धरून उभा राहिला. टाकू? किती टाकू? शेवटी टाकलं, आणि नैवेद्य दाखवला. या वेळी खरा.

गजराबाईनं पुन्हा डोळे मिटले. एक घास गिळला. दुसरा गिळला. पाचवा झाल्यावर म्हणाली, मीठ जरा कमी हाय. उरलेली खिचडी हैबतीनं तिथंच बसून त्याच ताटात खाल्ली. कोंडाक्कानं डोळ्याला पदर लावला.

महिनाभरात गजराबाई उठली. तोवर हैबती पिठलं शिकला, हुलग्याचं माडगं शिकला, भाकरीला मात्र अजून भूगोलाचा नकाशा येतो. पुढं जत्रा आली. रस्स्याला बोलवायला पंच आले, दोनदा आले, शेवटी चिडून गेले. हैबतीनं त्यांना हात जोडले आणि मठात जाऊन महाराजांपुढं मान वाकवली, माळ घाला म्हणाला. महाराजांनी विचारलं, एवढी वर्षं खाल्लंस, आता देवाची ओढ लागली का रे?

हैबती म्हणाला, "देवाचं मला अजून कळत न्हाई, महाराज. पर तिला वाढताना माझा हात कापू नये, एवढंच."

महाराजांनी माळ घातली. याहून मोठं कारण त्यांनी आयुष्यात ऐकलं नव्हतं.

मंडळी, मी तुम्हाला माळ घाला म्हणत नाही. तो ज्याचा त्याचा भाव. पण आज घरी जाल. कुणीतरी तुमच्या शब्दावर, तुमच्या कमाईवर, तुमच्या हातच्या घासावर डोळे मिटून बसलंय. त्याच्यासमोर हात धरा पुढं, आणि बघा, कापतो का.

बघितलंत? आता तोच हात वर करा, आणि म्हणा विठ्ठल!