सहाणेवरची गोळी

इंदापूर पोलीस ठाणे. ता. ११ फेब्रुवारी १९५८, सकाळी अकरा.

मी, कुंडलिक गेणू भोई, वय वर्षे ४६, धंदा मासेमारी, राहणार सणसर, तालुका इंदापूर, समक्ष हजर राहून विचारल्यावरून जबाब देतो की,

गावच्या तळ्यात मासे सोडून वाढवण्याचे काम मी व माझी बायको प्रयागबाई करीत होतो. घरात आम्ही दोघेच. मुलगा झाला होता, तो सात महिन्यांचा होऊन गेला.

तीन वर्षांपूर्वी थंडीत माशांच्या अंगावर लाल फोड उठले व मासे मरू लागले. बारामतीच्या एका दवाखान्यातील कंपाउंडर हिंदुराव ओळखीचे आहेत. त्यांनी माणसांना जखमेवर देतात त्या सल्फाच्या गोळ्या दिल्या. आठ दिवस पुरी मात्रा पेंडीतून घाल, मग बंद कर, असे बजावले. मासे बरे झाले.

बंद करणे माझ्या जिवावर आले. पुन्हा फोड नकोत म्हणून दर सोमवारी थोडी थोडी द्यायचे मी ठरवले. प्रयागबाईने मुलाच्या बाळगुटीची सहाण माळ्यावरून काढली. "लेकरावानीच हायती, दोन वेढं पुरं," असे ती म्हणाली. ती गोळी उगाळून कणकेत मळायची, गोळे मी तळ्यात टाकायचो. हिंदुरावांना पायाला जखम आहे असे खोटे सांगून मी गोळ्या आणीत होतो. असे तीन वर्षे चालले.

यंदा पौषात फोड परत आले. पुरी मात्रा दिली, दुप्पट दिली. मासे मेले ते मेलेच.

ता. ३१ जानेवारी रोजी सकाळी मेलेले मासे काढताना प्रयागबाईच्या उजव्या तळहातात काटा घुसला. संध्याकाळपर्यंत हात सुजला. मी घरातल्या त्याच गोळ्या चार दिवस दिल्या. "उतार पडंल, तुमी जेवा," असे ती म्हणत होती. मी जेवलो.

पाचव्या दिवशी सूज खांद्यापर्यंत चढल्याने बैलगाडीने बारामतीस नेली. डॉक्टरांनी सुया दिल्या. मी त्यांना सर्व खरे सांगितले. ते म्हणाले, "थोडी थोडी देऊन तळ्यातल्या जंतूंना तुम्ही औषधाची सवय लावून ठेवलीत. तेच हिच्या हातात शिरलेत." ता. ८ रोजी दुपारी दोन वाजता ती वारली.

मेव्हणे दत्तोबा यांनी फिर्याद दिली आहे की, मी त्यांच्या बहिणीस माशांचे औषध चारून मारले. ते सख्खे भाऊ आहेत, बोलणारच. मी त्यांच्या तोंडी लागणार नाही. आमच्यात भांडण नव्हते. उरलेल्या सात गोळ्या व सहाण पंचांसमक्ष जप्त केली आहे. गोळ्या ठेवा. सहाण काम झाल्यावर परत मिळावी.

वर लिहिलेले मला मोठ्याने वाचून दाखवले. सांगितल्याप्रमाणे आहे. फक्त फिर्यादीत 'माशांचे औषध' लिहिले आहे, ते खरे नाही. औषध माणसांचेच होते. मी ते माशांना चारत राहिलो. तिच्या वेळेला त्यात काही उरले नव्हते.

निशाणी डावा अंगठा, कुंडलिक गेणू भोई.