गाळणीत अडकलेली हाक

मंडळी, बसा. पुढं सरका थोडं, मागं गारठा आहे. आणि खिशातले फोन बंद करू नका. हो, बरोबर ऐकलंत. इतर महाराज सांगतात बंद करा, मी म्हणतो राहू द्या – आज आख्यानच त्याचं आहे.

आधी एका प्रश्नाचं उत्तर द्या. माणूस देवाला हाक मारतो. आता ती हाक देवाला पोचते, ती त्यातल्या शब्दांमुळं पोचते का हाकेमुळं? शब्द शुद्ध असले, गोड असले, तर देव ऐकतो – आणि शब्द ओंगळ असले तर कान फिरवतो? काय वाटतं? मावशी, तुम्ही मान हलवलीत खरी, पण हो म्हणून का नाही म्हणून ते कळलं नाही. असू द्या. ऐका.

उंबरदरा नावाचं गाव. पाटाच्या पाण्याचं, उसाचं गाव. आणि जिथं ऊस तिथं तो. बिबट्या! उसातच जन्मतो, उसातच वाढतो, त्याला डोंगर म्हणजे काय ते ठाऊक नाही. गावाची जुनी रीत अशी, की दिवेलागण झाली म्हणजे त्याचं नाव घ्यायचं नाही. नाव घेतलं की तो ओ देतो म्हणतात. मग दिसला तर काय करायचं? तर शिव्या घालायच्या. तोंडभरून, मोठमोठ्यानं! पाठ दाखवून पळायचं नाही, त्याच्याकडं तोंड करून शिव्या घालायच्या. म्हणजे त्यालाही कळतं की माणूस आहे, आणि भीतीनं पातळ झालेल्या आपल्या जिवालाही कळतं की आपण अजून आहोत.

या गावात काशिनाथ औटी. सगळं गाव त्यांना आण्णा म्हणायचं. गळ्यात माळ, कपाळाला बुक्का, जन्मात कधी तोंडातून वेडावाकडा शब्द नाही. घरी सून उज्ज्वला आणि नात राही, सात वर्षांची. मुलगा तालुक्याला कारखान्यावर कामाला.

एकदा गावातलं वासरू जनावरानं नेलं आणि गावानं मोबाइलवर ग्रुप काढला. ज्याला जनावर दिसेल त्यानं तिथं सांगायचं, सगळ्यांनी दारं लावायची. ग्रुपचे प्रमुख कोण? आण्णा! काम नामी झालं. पण मंडळी, चार भांडी एकत्र आली की आवाज होतोच, इथं तर अख्ख्या गावाची भांडी. बांधावरून शिव्या, निवडणुकीवरून शिव्या. एका कॉलेजातल्या पोरीनं रस्त्यावरच्या दिव्याची तक्रार केली, तर एका मस्तवालानं तिला असं काही लिहिलं, की त्या पोरीनं आठ दिवस घराबाहेर पाऊल टाकलं नाही. हे पापच. याला मी पापच म्हणणार. आण्णांच्या जिवाला ते लागलं.

आण्णांचे जावई शहरात कॉम्प्युटरच्या कामात. सणाला आले तेव्हा आण्णा म्हणाले, "पाहुणं, हे कसंतरी थांबवा."

जावई म्हणाले, "मामा, सोपं आहे. गाळणी लावून देतो."

गाळणी म्हणजे काय? चहाची असते ना, तशीच. चहा खाली, चोथा वर. शिवी असलेला निरोप आला की गाळणी तो आपोआप अडवणार, ग्रुपवर कुणाला दिसणारच नाही.

आण्णांनी विचारलं, "आणि ज्यानं पाठवला त्याला कळणार का, अडवला म्हणून?"

"तसंही करता येतं. पण कळलं की माणूस भांडायला येतो. न कळवलेलं बरं. त्याच्या फोनवर त्याला निरोप गेलेलाच दिसेल."

आण्णांना वाटलं, झाकली मूठ. कुणाचा अपमान नको, कुणाशी वाद नको. ते म्हणाले, "मग नका कळवू." बघा मंडळी, गोष्ट इथं घसरली. माणूस वाईट नव्हता, वाईटपणा घ्यायची त्याला भीती वाटली एवढंच.

आता ग्रुप कसा झाला म्हणता? लखलखीत! सकाळी फुलं, दुपारी सुविचार, संध्याकाळी परत फुलं. अडवलेला सगळा गाळ वेगळ्या जागी साठायचा, तो फक्त आण्णांना उघडता यायचा. आण्णा एकदाही उघडायला गेले नाहीत. घाणीत कोण हात घालतो?

याच गावात पाटाच्या पलीकडं ठकूबाई. नवरा जाऊन वर्षं झाली, मूलबाळ नाही, शेळ्या राखायची. तिची राहायची जागा गावात सगळ्यांत कडेला, त्यामुळं जनावर पहिल्यांदा दिसायचं ते हिलाच. लिहिता येत नव्हतं, पण फोनमध्ये बोललं की फोन आपोआप लिहितो, ते ती शिकली होती. आणि तोंड? अहो, तोंडाचा पट्टा असा, की शिवीशिवाय वाक्य सुरू व्हायचं नाही आणि संपायचंही नाही. लाडानं बोलली तरी शिवी. "जेवलास का रं, अमक्याच्या तमक्या" – आता तिथं काय होतं ते मी सांगणार नाही, समोर माळकरी बसलेत आणि खांबापाशी माझी सासुरवाडी बसलीय. ते तुम्ही तुमच्या मनात भरून घ्या. भरलं? बघा, लगेच भरलं! म्हणजे येतात सगळ्यांना.

तर या ठकूबाईचा एकेक निरोप गाळणीत अडकायला लागला. ती बोलायची, तिच्या फोनवर दिसायचं. आणि उत्तर? काही नाही. पूर्वी कुणी म्हणायचं, बरं झालं सांगितलंस ठकूबाई, कुणी हसायचं, कुणी चिडायचं. आता अख्खं गाव गप्प. तिला वाटलं, गावानं आपल्याला वाळीत टाकलं. बाजारात ती खाली मान घालून चालायला लागली. कुणी बोलायच्या आधीच ती बाजूला व्हायची.

एक दिवस आण्णांच्या ओट्याशी येऊन उभी राहिली. वर काही चढली नाही.

"आण्णा, माझं काय चुकलं वो? म्या बोलते आन् कुणी ओ देत न्हाई. समदं गाव रुसलंय का माझ्यावर?"

आण्णांना ठाऊक होतं. एका वाक्याचं काम होतं, मंडळी! 'ठकूबाई, शिव्यांचे निरोप यंत्र अडवतंय.' पण जीभ उचलेना. ते म्हणाले, "नाही गं. ऊसतोड चाललीय, कामात असतील सगळे."

"व्हय, कामात असतील," ती म्हणाली, आणि गेली. आण्णांना त्या रात्री जेवण गेलं नाही. पण दुसऱ्या दिवशी गेलं. आपलं असंच असतं.

माघ सरत आलेला. निम्मा ऊस तुटला होता, जनावराला लपण राहिलं नव्हतं. दिवस मावळतीला गेला आणि उज्ज्वला म्हणाली, "आण्णा, पाटाकडची गाय सोडून आणते. ग्रुपवर काही आहे का बघता?"

आण्णांनी बघितलं. शुभ संध्याकाळ. गुलाबाची फुलं. दुसरं काही नाही.

"काही नाही पोरी, निर्धास्त जा."

राही म्हणाली मी पण, आणि आईचं बोट धरून निघाली.

आण्णा देवापाशी बसले. समई लावली, जपमाळ घेतली. थोडा वेळ गेला आणि पाटाच्या अंगानं आवाज आला. ठकूबाई! शिव्यांची सरबत्ती! एकीत दुसरी, दुसरीत तिसरी. देवापुढं बसलेला माणूस, कानात हे काय पडतंय! आण्णा उठले. आणि त्यांनी काय केलं, माहीत आहे? खिडकी लावून घेतली. शेजारच्या घराचीही खिडकी लागली. पलीकडच्या घराचीही. पोरांच्या कानावर नको म्हणून एकेक कडी बसत गेली. मंडळी, गाळणी फोनमध्ये लावली होती, ती कधी कानात येऊन बसली ते कुणालाच कळलं नाही.

आण्णा परत बसले. पण मणी पुढं सरकेना. काहीतरी खटकत होतं. अहो, भांडण म्हटलं की दोन आवाज लागतात. एक शिवी देणारा आणि दुसरा परत देणारा. इथं आवाज एकच होता. मग ही भांडते कुणाशी?

आण्णांनी माळ खाली ठेवली. फोन घेतला आणि आयुष्यात पहिल्यांदा तो गाळ उघडला. वर ठकूबाई, खाली ठकूबाई, नुसती ठकूबाई. शिव्या सोडून वाचतो, तुम्ही ऐका:

"आला रं आला, पाटाच्या कडंनं औट्यांच्या उसात शिरलाय, पोरंबाळं घरात घ्या."

त्याच्यावर दुसरा. "आरं कुणी तरी ओ द्या. औट्यांची सून पोरीला घिऊन तिकडंच चाललीय."

आणि शेवटचा. "रुसा माझ्यावर, पर तिला कुणी तरी थांबवा. म्या जाते म्होरं."

समईपुढून आण्णा उठले, मनात एकच – मी सांगितलं पोरीला, निर्धास्त जा. मी सांगितलं! अनवाणी पळाले. डोळ्यांपुढं राही. वाटेत एकच आधार होता, तो ठकूबाईचा आवाज. ज्याला खिडकी लावली होती तोच! आवाज आहे तोवर माणसं आहेत. आणि तो आवाज फाटत चालला होता. मध्येच तुटायचा. तुटला की आण्णा आणखी जोरात पळायचे. परत यायचा, पण अर्धाच.

पाटाच्या बांधावर आले आणि बघितलं. उज्ज्वला गायीला चिकटून उभी, राहीचं तोंड तिनं पोटाशी दाबून धरलेलं. त्यांच्यापुढं ठकूबाई, हातात शेळ्यांची काठी. आणि पुढं, तुटलेल्या उसाच्या कडेला, तो. बसलेला. दबून. शेपटीचं टोक तेवढं हलत होतं. उजेड इतका कमी, की डोळे मिटून उघडले तर तो तिथंच आहे की जवळ आलाय, सांगता यायचं नाही.

ठकूबाईनं तोंड उघडलं. आवाज निघालाच नाही. नुसता वारा.

तो एक पाऊल पुढं आला!

आण्णा तिच्या शेजारी जाऊन उभे राहिले. ओरडायचं होतं. पण भीतीनं टाळ्याला चिकटलेली जीभ सुटेना. ठकूबाईनं त्यांचं मनगट धरलं, करकचून. आणि मग आण्णांच्या तोंडून जे सुटलं ना! काय सुटलं ते सांगत नाही. एवढंच सांगतो, की माळ गळ्यात होती आणि ती काही तुटली नाही.

आणि पुढची गंमत ऐका. गंमत कसली, लाज ऐका. तो आवाज ऐकल्याबरोबर गावातल्या खिडक्या धाडधाड उघडल्या! आण्णा शिव्या देतायत? आण्णा? म्हणजे काहीतरी भयंकर झालंय! घरटी माणूस धावलं – पलिते, बॅटऱ्या, थाळ्या बडवत. शब्द तेच होते, मंडळी. ठकूबाई घसा फाटेपर्यंत तेच ओरडत होती. मग तिच्या वेळी खिडक्या लागल्या आणि यांच्या वेळी उघडल्या, हे कसं?

एवढा उजेड, एवढा गलका झाल्यावर जनावर थांबतंय कशाला! उसात शिरलं. माणसं वाचली.

सगळे घरी आले. उज्ज्वला पोरीला सोडायला तयार नव्हती. ठकूबाईला लोकांनी हाताला धरून आण्णांच्या ओट्यावर बसवलं. आण्णा तिच्यापुढं खाली बसले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "ठकूबाई, तुझा एकही निरोप गावाला पोचत नव्हता. ते यंत्र मी लावलं. तू विचारायला आलीस, तेव्हा मला ठाऊक होतं. तरी मी खोटं बोललो."

आता ही काय बोलणार? आज ती काहीही बोलली असती तरी तिला कुणी अडवलं नसतं. पण तिचा आवाज गेला होता. गेला तो गेलाच, पुढं कधी नीट आला नाही. आण्णांनी कान तिच्या तोंडाशी नेला. तिच्या डोळ्यांतून पाणी चाललेलं, आणि ती कुजबुजली –

"मंजी... माझ्यावर कुणी रुसलं नव्हतं?"

मंडळी, ती जनावराला भ्याली नाही. तिला भीती होती ती ही.

आता तुम्ही म्हणाल, महाराज, मग गाळणी काढून टाकायची? त्या कॉलेजातल्या पोरीला शिव्या खाऊ द्यायच्या? नाही. तिला ज्यानं शिवी दिली, त्याच्या दारात जाऊन त्याला जाब विचारायला हवा होता, आणि तो आण्णांनी विचारायला हवा होता. ते अवघड होतं म्हणून यंत्राला सांगितलं. यंत्राला शिवी कळते. ती पोरीला दिलीय का पोरीसाठी दिलीय, हे त्याला कसं कळणार? ते बघायला माणूस लागतो, आणि माणूस तर खिडकी लावून बसला होता.

दुसऱ्याला हसू नका. तुमच्या फोनमध्ये कुणाचा तरी आवाज बंद करून ठेवलेला आहे. एखादा भाऊ, जो फार कडू बोलतो. एखादी सून, जी तोंडाळ म्हणून प्रसिद्ध आहे. एखादा म्हातारा, जो रोज तेच रडगाणं गातो. त्याला ठाऊकही नसेल, की आपलं बोलणं पोचत नाही. तो वाट बघत असेल. आणि न जाणो, आज सांजेला तो तुमच्याच पोरीसाठी ओरडत असेल.

शेवटचं सांगतो आणि वीणा खाली ठेवतो. तुम्ही देवाला कशी हाक मारता, ते मला ठाऊक आहे. पोरगं तापानं फणफणलं असतं, माणूस आपरेशनच्या दारात असतं, तेव्हा आपण देवाला काय काय बोलतो! गोड बोलतो का? त्याचं सगळं उणंदुणं काढतो आपण. तरी ती हाक तो ऐकून घेतो, कारण त्यानं दाराला गाळणी लावलेली नाही. लावली असती, तर या मंडपात बसलेल्या किती जणांची हाक आजवर वर गेली असती? माझी तर नसती गेली.

आता एकदाच सगळ्यांनी मोठ्यानं त्याचं नाव घ्या. आणि घरी जाताना कान उघडे ठेवून जा.