नमुना नंबर चार

नाई जी, पानी नाई टाकत. आधीच सांगून टाकते, म्हंजे तुमाले विचाराले जड जानार नाई — तुमी मघापासून त्या बकेटीकडे पाहून राह्यल्या, मले दिसते ना. बसा त्या पाटावर, ओला नाई तो. दवाखान्यात नवीन सिस्टरबाई आल्या हे मले मंगळवारीच समजलं, अन् तुमाले कोनी ना कोनी सांगतलंच असंन का प्रभाकर सरांच्या घरचं दूध लावा, म्हशीचं हाय, घट्ट हाय — अन् मंग दुसऱ्या कोनी सांगतलं असंन का त्याईच्या घरचं नका लावू, त्याईच्या बायकोचं नाव फळ्यावर लिहेल होतं. होय का नाई? होच. दोन्ही खरं हाय. शहाण्णव साली, जानेवारीत, आमच्याच ओट्यावर, आमच्याच फळ्यावर, अन् लिहिनारे आमचेच सर. आठ वर्षं झाली त्याले, तरी अल्लीपुरात नवीन मानूस आला का बसस्टँड कुठी, पोस्ट कुठी अन् कुसुमबाईच्या दुधात पानी कवा निघालं, हे तिन्ही त्याले एकाच दिवशी समजते. सरक वं चांदी. मारत नाई ते म्हैस, नुसती पाहते.

क्लबात. क्लबात निघालं पानी. पत्त्याचा क्लब नाई जी — विज्ञान क्लब. दर रविवारी सकाळी आठ वाजता, सातवी ते दहावीचे पोट्टे अन् पोट्ट्या, पहिले सहाच होते, मंग बावीस झाले. आधी शाळेत भरे, पन तिथी काचेचं सामान फुटते म्हनून बोंब झाली, तर सरांनी ते फोडाले घरी आनलं. सामान काय, सगळं घरचंच. त्याईच्या पुस्तकात लिहेल राह्यते, 'साहित्य घरात सहज मिळणारे' — कोनाच्या घरात, ते नाई लिहीत. माही चाळनी गेली, माहे दोन पेले गेले, माह्या सासूबाई होत्या तवा, वच्छलाबाई, त्याईचा मोतीबिंदूचा जाड चष्मा उन्हात कागद जाळाले नेला, तर बिचाऱ्या दुपारपर्यंत मले विचारत होत्या का कोन वं तू, कोनाकडची. अन् अंडं. आमच्या घरात अंडं चालत नाई. पन बाटलीत अंडं घालाचा प्रयोग होता — उकडेल अंडं, सोललेलं, बाटलीच्या तोंडावर ठेवाचं, बाटली मोठी अन् तोंड बारीक, आत जयता कागद टाकाचा आधी — तर ते उकडाचं कोनी? मीच. इथी, ह्या गोठ्यात, तीन विटा मांडून डालड्याच्या डब्यात, अन् सासूबाई आतून विचारे का वास कायचा, तर मी म्हनो, म्हशीची दवाई हाय. आन सांगते तुमाले, ते अंडं जवा आत गेलं ना — कोनी हात लावला नाई, कोनी ढकललं नाई, आपल्या मनानं पोट बारीक करून सुर्रकन आत — तवा बावीस पोट्टे ओरडले अन् मी सयपाकघराच्या दाराआड उभी होती, माह्या हातात कनकेचा गोळा, तो तसाच राह्यला. मी सहावीतून घरी बसली जी. कोनी सांगतलंच नवतं का हवेले असा जोर असते.

हो, दुधाचं. दुधाचंच सांगून राह्यली. तवा दोन म्हशी होत्या. सकाळचं सात लिटर निघे, अन् सात लिटर लावेल होतं — तीन किसनरावच्या हॉटेलात, बाकी चार घरी. एक थेंब शिल्लक नाई, आमी घरचे संध्याकाळच्या दुधाचा चहा प्याचो. पन रविवारी सर पहाटे उठत, मी धार काढून बकेट ठेवली का त्यातलं दीड लिटर काढून घेत. अर्धा लिटर प्रयोगाले — दुधात लिंबू पिळून त्याचे बटन करा, दुधात रंग टाकून साबनाचं बोट लावा तर रंग पयतात, रोज एक नवीन — अन् एक लिटर पोट्ट्यायले प्याले. रिकाम्या पोटी डोस्कं चालत नाई म्हनत. खरं हाय, नाई चालत. दूरवरून येत काई पोट्ट्या, चहा पन न घेता. तर दीड लिटर गेलं. आता तुमी नर्सबाई हा, हिशोब तुमचा चांगला असंन — सातातून दीड गेले, राह्यले किती? बकेटीत साडेपाच अन् लोकाईच्या गंजात सात. मी एकदा म्हनून पाह्यलं, म्हन्लं, सर, रविवारी जरासं कमी घेत जा. मी पन सरच म्हन्ते त्याईले, सगळं गाव म्हन्ते. तर ते म्हन्ले, म्हशीले सरकीची ढेप वाढव. झालं. ते गेले चुंबक घासाले.

त्याईनं सगळं मोजलं जी, मानसानं काई मोजाचं सोडलं नाई — पावसाचं पानी डब्यात मोजलं, खांबाची सावली दर तासाले मोजली, पोट्ट्याईच्या नाडीचे ठोके मोजले, माहे पन मोजले, ब्याऐंशी भरले — फक्त आपल्या घरच्या बकेटीत किती होतं अन् किती राह्यलं, हे नाई मोजलं.

मंग तो रविवार. नागपूरहून लॅक्टोमीटर आनला त्याईनं, काचेची नळी राह्यते, खाली जड, दुधात सोडली का उभी तरंगते, अन् दूध जितकं पातळ तितकी ते खाली जाते. पोट्ट्यायले सांगतलं होतं, घरून पेलाभर दूध आना, सकाळीच जे येते ते. सहा नमुने जमले. हर्षा वाचून राह्यली होती, किसनरावची पोरगी, डोळे तेज तिचे, आता फार्मसीले हाय वर्ध्याले. पहिला अठ्ठावीस, दुसरा एकोनतीस, तिसरा अठ्ठावीस. चवथा — तिनं एकदा वाचलं, पुन्हा वाचलं, म्हने, सर, तेवीस. सरांले काय आनंद झाला जी. सापडलं ना त्याईले. म्हने, शाब्बास, हे दूध कोनाकडचं? तर ते पोट्टी फळ्याकडे नाई पाहे, सरांकडे नाई पाहे, सयपाकघराच्या दाराकडे पाहे. म्हने, सर, तुमच्या घरचंच हाय, काकूनं सकाळी आमच्या हॉटेलात घातलं ते. आता दुसरा कोनी असता तर म्हन्ला असता, नळी खराब हाय, पुढचा नमुना घ्या. सरांनी खडू घेतला अन् लिहिलं — नमुना नंबर चार, तेवीस, पाणी आढळले, पुरवठादार सौ. कुसुमबाई. सौ. लिहिलं, तेवढा मान ठेवला. अन् पोट्ट्यायले म्हन्ले का विज्ञानात घरचं अन् बाहेरचं असं नसते. टाळ्या वाजवल्या पोट्ट्याईनं. मी दाराआड.

लागलं ना जी, लागलं काऊन नाई. पोट्टे गेल्यावर ते आत आले, चूल पेटेल होती, ते उभेच राह्यले, म्हन्ले, कुसुम, काऊन केलं? एवढंच. ओरडले असते तर बरं झालं असतं. मी म्हन्लं, चुकलं. मंग ते पाचई ठिकानी गेले, हॉटेलात अन् चारई घरी, हात जोडले, म्हन्ले का माह्या घरून चूक झाली. माह्यासाठी हात जोडत फिरले, अन् मी इथी बसून रडली, दोन्ही म्हशी पाहत होत्या. पेपरात पन आलं, वर्ध्याच्या — शिक्षकाने स्वतःच्या घराची केली तपासणी. आतल्या खोलीत फ्रेम हाय त्याची. मी पुसते ते दर शनवारी. आज पन पुसली.

अन् पाहा, ते अन्यायवाले मानूस नाईत. एका मोजनीवर भरोसा ठेवाचा नाई, तीनदा मोजाचं, हे त्याईचंच. तर तीनदा मोजलं. तिन्ही वेळा रविवारी — क्लबच रविवारचा. दुसऱ्या रविवारी चोवीस निघालं. तिसऱ्या रविवारपर्यंत दोन घरं सोडून गेलेली, मापात दीड लिटर आपोआपच कमी झालं, तर एकोनतीस निघालं. सरांनी लिहिलं, सुधारणा झाली. मले म्हन्ले, शाब्बास. त्या दिवसापासून आमच्या घरचं दूध मोजलं नाई कोनी, सुधारलेल्या मानसाले काय मोजाचं. अन् दोन महिन्यांनी ते दोन घरं वापस आले, दुसरीकडचं त्याहून पातळ निघालं म्हनून.

मी मोजलं. खोटं काऊन सांगू, मी मोजलं. सोमवारी सर शाळेत गेले का लॅक्टोमीटर काढला, सरांसारखाच, हळूच सोडला, नळी थांबेपर्यंत श्वास नाई घेतला. सोमवार एकोनतीस. मंगळवार एकोनतीस. बुधवार तीस, सरकीची ढेप चांगली होती तवा. गुरुवार, शुक्रवार, शनवार — एकदाई अठ्ठावीसच्या खाली नाई. म्हशीच्या कुटाराच्या खोलीत दाराच्या मागं खडूनं लिहेल हाय, या पाहाचं तर. दर सोमवारी मी सगळंच करून पाह्यलं जी, बाटलीत अंडं पन, कागदाच्या द्रोनात पानी उकळलं ते पन, कागद नाई जळत, तुमाले माहीत होतं? मले नवतं माहीत. सर पोट्ट्यायले म्हन्तात, प्रयोग पाहून नाई समजत, करून समजते. ते पोट्ट्यायले म्हन्तात, पन दाराआडच्या मानसाले ऐकू येते ना.

हो, तेच विचारून राह्यल्या ना तुमी — हे काऊन नाई दाखवलं. दाखवलं असतं. सहा दिवस अस्सल, एकच दिवस पानी, अन् तो दिवस क्लबाचा — सर हुशार हायेत, त्याईले एका मिनिटात समजलं असतं का दीड लिटर कुठून आलं. अन् मंग? तुमी ओळखत नाई त्याईले. बायकोचं नाव लिहिनारा मानूस स्वतःचं मोठ्या अक्षरात लिहीन. म्हन्तीन, आपल्या प्रयोगानं लोकाईच्या दुधात पानी गेलं, अन् बावीस पोट्टे घरी पाठवून क्लब त्याच दिवशी बंद. फळा पन पुसून देतीन. तर राहू द्या म्हन्लं. माहं नाव खराब झालं तर माहं झालं, रविवार तर राह्यला. मले आवडते जी. पोट्ट्याईसाठी केलं, सरांसाठी केलं, असं लोक म्हन्तीन, पन नाई — मले आवडते. शनवारी रात्री मले लवकर झोप नाई येत, उद्या काय करतीन म्हनून. पन्नाशीची बाई. उद्या फुग्याची गाडी हाय, फुग्यातली हवा मागं जाते अन् गाडी पुढं, फुगे आनालेच गेले ते हिंगनघाटले.

अन् पानी काई असंतसं नाई टाकत मी. उकळते, फडक्यानं गाळते, थंड करते, मंगच —

टाकत होती म्हन्लं. टाकत होती.

काई नाई, चांदीनं शेपटी मारली. दुधाचं ठरवून टाकू. तुमाले एक लिटर, सकाळचं. स्टीलच्या भांड्यात आनत जा, पितळीचं नका आनू. चहालेच ना? … लेकराले. किती महिन्याचं? आठ. वरचं दूध सुरू केलं का नुकतंच. पोरगी? नाव चांगलं हाय, गुंजन.

असं करा जी. उद्यापासून नका लावू. सोमवारपासून लावा, सोमवार ते शनवार, अन् रविवारी — रविवारी दुसरीकडून घेत जा. किसनरावच्या हॉटेलातून नाई, तिथी पन आमचंच जाते. पोस्टाच्या मागं गाय हाय मधुकररावची, तिथून घ्या लेकरापुरतं, मी सांगून ठेवते. काऊन ते नका विचारू. आठ वर्षांत हे मी कोनाले म्हन्लं नाई. अन् सरांसमोर रविवारचं काई काढू नका, लेकराची आन हाय तुमाले.

बस आली वाटते हिंगनघाटची. या तुमी आता. मागच्या दारानं जा.