फक्त तडजोडीसाठी

ताई: मी इथून हलणार नाही, वकीलबाई. हे पत्र कोर्टात का दाखवता येत नाही, ते आधी मला समजावून सांगा.

वकीलबाई: अगदी वरची ओळ वाचा.

ताई: दहादा वाचली. 'हक्कांना बाध न येता, फक्त तडजोडीसाठी.' बरं, मग? खाली छापखान्याच्या मालकाचंच अक्षर आहे ना? 'कागद कापायच्या मशीनची संरक्षक जाळी मीच काढायला सांगितली होती, काम लवकर उरकावं म्हणून.' खाली सही. आणि आज तोच माणूस कोर्टात लेखी देतो की जाळी जागेवर होती, कामगारानं निष्काळजीपणानं हात घातला. माझ्या भावाची चार बोटं गेली आणि निष्काळजी तोच?

वकीलबाई: भांडण मिटवायला लिहिलेलं पत्र पुरावा म्हणून चालत नाही. तडजोडीला बसलेल्या माणसानं मोकळं बोलावं, आपलेच शब्द उद्या आपल्या गळ्याशी येतील अशी धास्ती नसावी, म्हणून हा नियम.

ताई: म्हणजे दार लावून खरं बोलायचं आणि दार उघडलं की खोटं. चुलीत घाला तो नियम.

वकीलबाई: या पत्राला तुमच्याकडून उत्तर गेलं होतं का?

ताई: कसलं उत्तर? पत्र हातात पडलं तशी मी तडक तुमच्याकडे दावा लावायला आले होते.

भाऊ: गेलं होतं.

ताई: कोणी पाठवलं?

भाऊ: मी. डाव्या हातानं. तीन दिवस लागले.

ताई: मला न सांगता?

भाऊ: तू लिहू दिलं नसतंस.

वकीलबाई: काय लिहिलंत?

भाऊ: जाळी नव्हती हे खरंच. पण माझी सलग दुसरी पाळी होती. डुलकी लागली. पात्याखालचा कागदांचा गठ्ठा सरळ करत होतो आणि मशीनच्या पेडलवर पाय पडला. माझाच.

ताई: अक्कल कुठे ठेवून आला होतास? त्यानं सगळ्या छापखान्यांत तुझं नाव घालवलं, कोणी दारात उभं करत नाही तुला. आणि तू स्वतःच्या हातानं त्याला कोलीत दिलंस?

भाऊ: पत्रात मालक खोटं बोलले नव्हते, ताई. बावीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा त्यांनी मला काही लिहिलं, आणि त्यात स्वतःची चूक लिहिली. म्हटलं, आपणही खरं लिहावं.

वकीलबाई: ताई, बसा.

(ताई उभीच.)

वकीलबाई: हे उत्तरही त्यांना कोर्टात काढता येणार नाही. तोही तडजोडीतलाच पत्रव्यवहार. नियम चुलीत घातला असता, तर आज भर कोर्टात तुमच्या भावाचं पत्र वाचलं गेलं असतं.

ताई: आणि मालक सुटला.

वकीलबाई: कोण म्हणतं? पत्र दाखवता येत नाही एवढंच. जाळी नव्हती, हे दुसऱ्या पुराव्यानं सिद्ध केलं तर कोणी अडवू शकत नाही. जाळी काढली कोणी?

भाऊ: मेकॅनिकनं. आता तो दुसरीकडे असतो.

वकीलबाई: बोलेल?

भाऊ: बोलेल. मला दवाखान्यात त्यानंच नेलं. टेम्पोत माझ्यापेक्षा तोच जास्त रडत होता.

वकीलबाई: मग त्याला साक्षीला बोलावू. पण त्यांचा वकील तुम्हालाही विचारणार, झोप आली होती का.

ताई: नाही म्हणायचं. पत्र दाखवता येत नाही ना? मग पकडतंय कोण?

वकीलबाई: शपथेवर खोटं बोला, असं मी सांगणार नाही.

ताई: मालकाला चालतं. माझ्या भावालाच तेवढं चालत नाही.

भाऊ: मी हो म्हणणार आहे.

ताई: हरशील.

वकीलबाई: हरणार नाहीत. थोडा दोष यांच्याकडेही येईल, भरपाई तेवढी कमी होईल.

भाऊ: येऊ दे. पण जाळी नव्हती हे कोर्टानं लिहून द्यावं. तेवढा कागद मला हवाय.

ताई: आई गेली तेव्हा नऊ वर्षांचा होता हा. काच कोणी फोडली असं कोणी विचारलं की हा पुढे. आणि शेजारपाजाऱ्यांशी भांडायचं मी. आजही तेच.

भाऊ: माझ्या साक्षीच्या दिवशी तू येऊ नकोस हवं तर.

ताई: येणार. पहिल्या बाकावर बसणार. हो म्हणताना माझ्याकडे बघू नकोस, म्हणजे झालं.